तीसपैकी एकोणतीस

मुंगी हे नाव तिला सरांनी दिलं, तिच्या अक्षरावरून. शिकत असताना ती एका पानावर इतकं बारीक आणि इतकं भरभरून लिहायची की सर वही नाकाशी धरून म्हणायचे, "हे वाचायला आता भिंग आणू का, मुंगे?" पुढे ती मानसतज्ज्ञ झाली, सरकारी रुग्णालयातल्या स्मृती तपासणी विभागाची प्रमुख झाली, कानांपाशी केस पांढरे झाले. हाताखालची माणसं तिला मॅडम म्हणत. पण सरांच्या घरी ती मुंगीच राहिली.

सर त्या शहरातले पहिले मानसतज्ज्ञ. त्यांची खोली एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती आणि जिना दुकानाच्या आतून जायचा. त्या काळात हे फार सोयीचं होतं. जिन्यावर कुणी ओळखीचं भेटलं की माणूस खिशातून रुमाल काढून डोळे पुसायचा आणि म्हणायचा, नंबर वाढलाय बहुतेक. दुकानदार हसून म्हणायचा, अर्ध्या गावाचे डोळे बिघडलेत आणि माझा धंदा मात्र तेवढाच आहे.

मग दिवस बदलले. तरुण मुलं जिन्यावरच मोठ्यानं फोनवर सांगू लागली, मी माझ्या थेरपिस्टकडे आलोय, नंतर बोलतो. कचेऱ्या आपली माणसं पाठवू लागल्या, शाळा मुलं पाठवू लागल्या, बायका नवऱ्यांना हाताला धरून आणू लागल्या. लाज गेली, माणसं आली, पण त्यांना बघणारे होते तेवढेच राहिले. मुंगीच्या रुग्णालयात पहिल्या भेटीची तारीख चार महिन्यांनंतरची मिळायची. आणि सर सत्तर ओलांडूनही आठवड्याला सत्तावीस माणसं बघत होते.

एका बुधवारी सकाळी मुंगी विभागात आली तेव्हा बाहेरच्या बाकावर, रांगेतल्या माणसांमध्ये, सरांची बायको बसलेली होती. पर्स मांडीवर घट्ट धरून.

"काकू, तुम्ही इथे? फोन केला असता तर मी घरी आले असते."

"घरी ते असतात ना," काकू म्हणाल्या.

मुंगीनं त्यांना आत नेलं, दार लावलं. काकूंनी पाणी नको म्हटलं, चहा नको म्हटलं आणि सरळ सुरुवात केली.

"परवा दुसऱ्याच कुणाचा कोट घालून घरी आले. बाह्या अशा कोपराच्या जरा खाली. म्हटलं, हा कुणाचा? तर म्हणाले, माझाच, जुना आहे. त्या माणसाच्या घराची किल्ली त्याच कोटात. तो बिचारा संध्याकाळपर्यंत स्वतःच्या दाराबाहेर बसून."

"वय झालं की होतं असं, काकू."

"हे तू मला सांगू नकोस. रविवारी सकाळी दाढी केली. नाश्ता झाल्यावर पुन्हा केली. दुपारी तिसऱ्यांदा आरशासमोर. हनुवटीतून रक्त यायला लागलं तेव्हा मी हातातून वस्तरा काढून घेतला, तर अंगावर धावून आले. पंचेचाळीस वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता त्यांनी." काकूंचा आवाज मात्र अजिबात चढला नाही. त्या भाजीवालीशी बोलावं तशा बोलत होत्या. "तू तपास त्यांना. मी सांगितलं असं म्हणू नकोस."

"आणि पेशंट? कमी केलेत?"

"एकही नाही."

मुंगीनं चिठ्ठीवर पुढच्या बुधवारची तारीख लिहून त्यांच्या हातात दिली.

सर तपासणीला आले ते खुशीत. विभागातल्या प्रत्येकाशी हात मिळवला, खिडकीतल्या कुंडीकडे बघून "हिला पाणी कोण घालतं? कुणीच नाही ना?" म्हणाले, आणि मुंगीच्या समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"काय गं, आता तू माझी परीक्षा घेणार?"

"सत्तरच्या पुढच्या सगळ्यांची घेतोय, सर," मुंगी खोटं बोलली.

अडचण अशी होती की ती परीक्षा सरांनीच तयार केलेली होती. तीस गुणांची ही चाचणी बांधायला त्यांना दोन वर्षं लागली होती, आणि ती दोन वर्षं मुंगीच त्यांच्या हाताखाली कागद भरत होती. लक्षात ठेवायचे पाच शब्द त्यांनीच निवडले होते. ते त्यांनी हजारो लोकांसमोर उच्चारले होते. मुंगीनं नुसतं म्हटलं, "आता मी पाच शब्द सांगते," आणि सर छताकडे बघत म्हणाले, "कुलूप, पाऊस, आत्या, चाक, हिरवा."

दोघंही हसली. हसता हसता मुंगीला वाटलं, इथेच थांबावं. दुसरी चाचणी आणावी, सरांना ठाऊक नसलेली. तशा दोन कपाटात होत्या. पण सर पुढे सुटलेच होते. शंभरातून सात, पुन्हा सात, पुन्हा सात, गाडी उतारावरून सुटावी तसे. घड्याळ काढलं, सुरेख. वार विचारल्यावर मात्र बुधवारच्या जागी सोमवार म्हणाले आणि लगेच हात झटकला.

"निवृत्त माणसाला वार कशाला लागतो?"

एक गुण गेला. तीसपैकी एकोणतीस.

सर निवृत्त नव्हते. हे मुंगीच्या लक्षात आलं ते रिपोर्टवर सही केल्यानंतर, आणि लक्षात येऊनही तिनं सही खोडली नाही. "स्मरणशक्ती सामान्य मर्यादेत," असं तिनं आपल्या त्या बारीक अक्षरात लिहिलं होतं. मनाशी तिनं हिशेब मांडला: सरांना थांबवलं तर सत्तावीस माणसं उद्या कुठे जातील? आपल्या दारात चार महिन्यांची रांग आहे. हा हिशेब खोटा नव्हता. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं. ज्या माणसानं तिला काम शिकवलं, त्याला समोर बसवून, सर, आता तुम्हाला जमत नाही, असं म्हणायची तिची छाती नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं तिनं काकूंना फोनवर सांगितलं. काकू "बरं," एवढंच म्हणाल्या.

सात आठवड्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून तिला बोलावणं आलं. एका माणसानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. बहिणीनं वेळेवर दार उघडलं म्हणून वाचला होता. आता धोका टळला होता, पण तो कुणाशी बोलत नव्हता.

पलंगावर चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. नखांच्या कडांना काळं ग्रीस बसलेलं, धुऊनही न जाणारं. बहीण उशाशी उभी राहून थर्मासमधून चहा ओतत होती. तिनं हळूच सांगितलं, तो लिफ्ट दुरुस्त करतो.

मुंगी स्टूल ओढून बसली. आपण कोण ते सांगितलं. झोप लागली का, विचारलं.

"मॅडम, तुम्ही चांगल्या मनानं विचारताय," लिफ्टवाला भिंतीशीच बोलला. "पण मला आता बोलायचं नाही. एकदा बोललो तेवढं पुरे झालं."

"कुणाशी बोललात?"

"चष्म्याच्या दुकानावर. सरांशी."

मुंगीनं हातातलं पेन मांडीवर ठेवलं.

मग तो बोलला. वर्षभरापूर्वी तो आणि त्याचा जोडीदार एका जुन्या इमारतीत काम करत होते. नऊ वर्षांची जोडी. जोडीदार लिफ्टच्या बोगद्यात उतरून दोरांना ग्रीस लावत होता आणि हा वरच्या खोलीत स्विचपाशी उभा होता. "चालू कर!" असा आवाज आला आणि यानं स्विच दाबला. आवाज जोडीदाराचा नव्हता. कुठल्या तरी मजल्यावर कुणीतरी कुणाला तरी पंखा चालू करायला सांगत होतं.

जोडीदाराच्या मृत्यूच्या चौकशीत तो निर्दोष सुटला. घरी मात्र जेवण सुटलं, झोप सुटली, काम सुटलं. बहीण त्याला सरांकडे घेऊन गेली. आठ महिने तो दर गुरुवारी तो जिना चढला. सरांनी त्याला आधी जेवायला लावलं, मग झोपायला, मग पुन्हा हत्यारांची पेटी उचलायला.

"मी बरा झालो होतो, मॅडम. खरंच बरा होत होतो. आणि मग तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी मी बसलो, तर सर माझ्याकडे बघून म्हणाले, त्या दिवशी किती प्यायला होतास? मी म्हटलं, सर? तर म्हणाले, इथे खोटं बोलून काय उपयोग. दारू पोटात नसती तर तो आवाज कुणाचा ते तुला कळलं असतं."

वॉर्डात पलीकडे कुणीतरी खोकत होतं.

"मी दारूला शिवत नाही. वडील प्यायचे, म्हणून आयुष्यात कधी वासही घेतला नाही. पण सर म्हणाले ना. आठ महिने माझं ऐकून घेतलं आणि मग बोलले. मला वाटलं, प्यायलो असेन. प्यायलो असेन आणि विसरलो असेन. माझ्यापेक्षा त्यांनाच माझं जास्त माहीत."

मुंगीला कळलं, काय झालं असेल ते. गुरुवारी त्याच्या आधीच्या तासाला दुसरा कुणीतरी पिणारा माणूस येत असेल. सरांनी दोघांना एकत्र कालवलं.

"सर चुकले," ती म्हणाली. "ऐका माझं. सर आजारी आहेत. त्यांची स्मरणशक्ती जातेय. त्यांनी तुम्हाला दुसराच कुणीतरी समजलं. त्यांच्या आजाराबद्दल मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगतेय."

लिफ्टवाला पहिल्यांदाच वळला. डोळे लाल, पण नजर सरळ.

"कधीपासून आजारी आहेत?"

"निदान दोन महिने. जास्तच असेल."

"म्हणजे मी समोर बसलो होतो तेव्हा होते?"

"हो."

"मग त्यांना तिथे बसू कुणी दिलं?"

मुंगीला बाहेर पडायला दहा वाटा होत्या. व्यवस्था, रांग, नियम, माणसांची कमतरता. त्यातली एकही खोटी नव्हती.

"मी," ती म्हणाली. "तपासणी मी केली होती. ते ठीक आहेत असं मी लिहून दिलं."

बहिणीनं हातातला कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जा."

मुंगी बाहेर गेली. तशीच जिना उतरून रस्त्यावर आली आणि चालत चष्म्याच्या दुकानापर्यंत गेली.

दुपारची वेळ होती, सर एकटे होते. टेबलावर जाड डायरी उघडी होती. मुंगीला बघून त्यांनी ती मिटली, पण घाईत नीट मिटली नाही.

"बस, मुंगे. चहा सांगू?"

"सर, आज सकाळी कोण कोण आलं होतं?"

"आता हे काय? तीन-चार जण आले." ते हसले. "गोपनीयता तूच विसरलीस की काय?"

"नावं नका सांगू. काय त्रास होता तेवढं सांगा."

सर हसत राहिले. हात डायरीवर होता. मुंगीनं तो हलकेच बाजूला केला, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या परवानगीशिवाय त्यांची वस्तू उघडली. पानोपानी सरांचं मोठं, गोल अक्षर होतं. "अकरा वाजता. चष्मा, डावखुरी, हिरवी पिशवी. आई वारली, पुन्हा विचारू नकोस." "बारा. टक्कल. बोलताना टेबल वाजवतो. मुलाशी अबोला." गुरुवारच्या पानावर दोन ओळी एकाखाली एक होत्या: "चार. बसचालक. दारू." "पाच. रुंद खांदे, काळी नखं. स्विच." चारच्या ओळीपासून पाचच्या ओळीपर्यंत कुठलासा बाण काढलेला होता, खोडलेला होता, पुन्हा काढलेला होता.

"तुम्हाला माहीत होतं," मुंगी म्हणाली.

सर खुर्चीत मागे टेकले. एकदम म्हातारे दिसले.

"माहीत होतं असं नाही. कधी कळायचं, कधी कळायचं नाही. तुझ्याकडे आलो त्या दिवशी सकाळी कळत होतं. जाताना वाटत होतं, पोरगी हुशार आहे, आज पकडणार. घाबरलो होतो. मग तू एकोणतीस दिलेस आणि मी इतका खूश झालो की बस. घरी जाऊन झोपलो. उठलो तेव्हा तुझा राग आला."

"का?"

"पकडलं नाहीस म्हणून." ते खिडकीकडे बघू लागले. "काय केलं मी? कुणाला काही झालं का?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. सर ऐकत होते, अगदी पूर्वीसारखे, मान किंचित कलती, मध्ये एक शब्द न बोलता. ऐकून झाल्यावर त्यांनी डायरी तिच्याकडे सरकवली आणि दोन्ही तळहातांत तोंड लपवलं. थोड्या वेळानं हात काढले आणि म्हणाले, "चहा सांगू का, मुंगे?"

खोली त्या आठवड्यात बंद झाली. मुंगीनं डायरी घेऊन एकेकाला फोन केले. बसचालक म्हणाला, "तरीच. सर मला विचारत होते, तो आवाज कुणाचा होता. म्हटलं, सर, कसला आवाज? मग मीच घाबरलो, म्हटलं प्यायल्यावर मला काही ऐकू येतं की काय." हिरव्या पिशवीवाल्या बाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांना आश्चर्यच वाटलं नाही.

"अहो, सर विसरतात हे आम्हाला केव्हाच कळलं होतं. मी दारातच उभी राहून सांगायचे, सर, मी अमकी, माझी आई गेली. मग आत जायचे. बाहेर बसलेले सगळे तसंच करायचे. आम्ही सांभाळून घ्यायचो त्यांना."

"कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय होणार होतं? तुमच्या रुग्णालयात गेले होते मी. चार महिन्यांनी या म्हणाले. सर निदान त्या दिवशी समोर तरी असायचे."

लिफ्टवाला दारात उभा राहून कधीच काही बोलला नव्हता. आपल्याला कुणी विसरेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मुंगीनं स्वतःविरुद्ध लेखी तक्रार दिली. समितीनं तिला बोलावलं, तासभर बसवलं. अध्यक्ष भले गृहस्थ होते. ते म्हणाले, तुम्हाला काढलं तर विभाग बंद पडेल, तेव्हा ताकीद देतो. ताकिदीचं पत्र आलं, त्याच दिवशी रांगेतल्या तारखा साडेचार महिन्यांवर गेल्याची नोंदही आली. सरांच्या सत्तावीस जणांपैकी नऊ जणांना तिनं जेवणाच्या सुट्टीत बघायला सुरुवात केली. सहा जण दुसरीकडे गेले. बाकीच्यांनी फोन उचलणं बंद केलं.

दोन महिन्यांनी लिफ्टवाला आपणहून तिच्या दारात आला. बरोबर बहीण होती. तो बसला नाही.

"मला सरांना भेटायचंय. तुम्ही म्हणता ते आजारी आहेत. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मुंगीनं काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, घेऊन ये.

सर गॅलरीत बसले होते, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. हनुवटीवर पट्टी. लिफ्टवाल्याला बघून ते उठून उभे राहिले, हात पुढे केला. "या, या. बरं वाटलं." तो कोण हे त्यांना ठाऊक नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. लिफ्टवाल्यानं हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"सर, त्या दिवशी मी प्यायलो होतो का?"

सर मुंगीकडे बघू लागले, मग काकूंकडे. डायरी नव्हती. कुणीही आधीच काही सांगून ठेवलं नव्हतं.

"मला आठवत नाही," सर म्हणाले. "माफ करा. तुम्ही कोण तेच मला आठवत नाही."

लिफ्टवाल्यानं मान हलवली. सरांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, पांघरूण गुडघ्यांवर नीट केलं. काकूंनी चहा विचारला, तो नको म्हणाला.

खाली फाटकापाशी मुंगीनं विचारलं, "आता पटलं?"

"पटलं हो." त्यानं कपाळावर बोटं टेकवली. "पण ते वाक्य इथे आहे, मॅडम. चुकून बोलले, दुसऱ्याला बोलले, हे सगळं कळतं. तरी रोज ऐकू येतं, त्यांच्याच आवाजात."

"गुरुवारी या माझ्याकडे. पाच वाजता. माझ्याकडे नको असेल तर दुसऱ्या कुणाकडे पाठवते."

"बघतो," तो म्हणाला.

तो दोन गुरुवार आला. पहिल्यांदा काहीच बोलला नाही. दुसऱ्यांदा जोडीदाराच्या बायकोबद्दल बोलला, ती आता शिवणकाम करते, त्याच्याशी नीट बोलते, आणि तेच त्याला सहन होत नाही. तिसऱ्या गुरुवारी तो आला नाही. मुंगी सहा वाजेपर्यंत थांबली आणि मग बहिणीला फोन लावला.

"लांब कामाला गेलाय," बहीण म्हणाली. "एका गोदामात. तळमजला आहे, लिफ्ट नाही. जेवतो, झोपतो. बोलत नाही."

"मी बोलू का त्याच्याशी?"



"नको, मॅडम," बहीण म्हणाली. "आता त्याला कुणी काही बोलू नये, असं मला वाटतं."

मुंगीनं फोन ठेवला. बाहेरच्या बाकावर अजून तिघं जण बसले होते. तिनं दार उघडून पहिल्याला आत बोलावलं. तो बसण्याआधी त्याचा कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि मग त्याला त्याचं नाव विचारलं.